कैद्याचा दावा आणि कागदावरची कैफियत

बदलापूर, अंबरनाथ किंवा उल्हासनगरातला कच्चा कैदी बहुधा कल्याणच्या आधारवाडी तुरुंगात किंवा तळोज्यात असतो. तिथे मारहाण झाली, उपचार नाकारले गेले किंवा सुटकेच्या हुकमानंतरही डांबून ठेवले, तर त्याच्यापुढे दोन वाटा असतात. एक, उच्च न्यायालयात राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली रिट याचिका. दुसरी, दिवाणी न्यायालयात भरपाईचा दावा.

रिटमध्ये न्यायालये कागदाच्या साच्यावर फारशी अडून बसत नाहीत. तिहारमधल्या सुनील बत्राने दुसऱ्या कैद्याच्या छळाबद्दल लिहिलेले साधे पत्र सर्वोच्च न्यायालयाने याचिका म्हणून चालवले. बदलापूर शाळा प्रकरणातला आरोपी २३ सप्टेंबर २०२४ रोजी पोलिसांच्या ताब्यात असताना गोळीबारात मरण पावला, तेव्हा त्याच्या वडिलांनी मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली. पुढे आईवडिलांनी प्रकरण चालवायची इच्छा नसल्याचे सांगितले. तरीही न्यायालयाने न्यायमित्र नेमून सुनावणी सुरू ठेवली.

दिवाणी दाव्यात ही सैल मुभा नाही. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या आदेश ६ प्रमाणे वादपत्रात महत्त्वाची तथ्ये थोडक्यात मांडायची असतात. पुरावा नंतर येतो. ‘माझ्यावर अन्याय झाला’ हे तथ्य नव्हे. कोणत्या तारखेला, कोणत्या बराकीत, कोणी, काय केले, हे तथ्य. नुसते शेरे असतील आणि दाव्याचे कारणच दिसत नसेल, तर आदेश ७, नियम ११ खाली वादपत्र फेटाळले जाते. शेवटी सत्यापन लागते: कोणता परिच्छेद स्वतःच्या माहितीवरून खरा आणि कोणता ऐकीव माहितीवरून, हे क्रमांकानिशी लिहून खाली तारीख, ठिकाण आणि सही. कैद्याच्या बाबतीत ही सही तुरुंगातच घ्यावी लागते, आणि एवढ्याशा कागदासाठी किती दिवस जातात ते नातेवाइकांना विचारावे.

दावा राज्याविरुद्ध असेल तर प्रतिवादी म्हणून ‘महाराष्ट्र राज्य’ हेच नाव घालावे लागते. त्याआधी कलम ८० ची नोटीस देऊन दोन महिने थांबावे लागते. तातडीच्या कामात न्यायालयाच्या परवानगीने ही अट शिथिल होते. मुदतीकडेही लक्ष हवे: बेकायदा बंदिवासाच्या भरपाईसाठी तो संपल्यापासून एकच वर्ष मिळते. कोर्ट फी परवडत नसेल तर आदेश ३३ खाली निर्धन वादी म्हणून अर्ज करता येतो.

नियम सरकारलाही बांधतात. लेखी कैफियत तीस दिवसांत, फार तर नव्वद दिवसांत द्यायची असते, आणि मोघम नकार चालत नाही. जे स्पष्टपणे नाकारले नाही ते मान्य धरले जाऊ शकते. रिटमधल्या प्रतिज्ञापत्रात काय नाही, यालाही असेच वजन येते, आणि त्याचा उत्तम दाखला मराठीतल्याच एका पुस्तकामुळे मिळाला. भारत संरक्षण नियमांखाली मुंबईत स्थानबद्ध असलेल्या प्रभाकर संझगिरींनी ‘अणूचे अंतरंग’ हे विज्ञानविषयक पुस्तक लिहिले. ते प्रकाशनासाठी बाहेर पाठवायची परवानगी सरकारने नाकारली, म्हणून ते उच्च न्यायालयात गेले. सरकारच्या उत्तरात पुस्तकामुळे देशाच्या संरक्षणाला धोका आहे, असे कुठेच म्हटले नव्हते. स्थानबद्धाला पुस्तक प्रसिद्ध करू द्यायला कायद्याने आम्ही बांधील नाही, एवढाच मुद्दा होता. तो तोकडा पडला. उच्च न्यायालयाने संझगिरींच्या बाजूने निकाल दिला आणि १९६५ मध्ये न्या. सुब्बा राव यांच्या निकालपत्राने सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला.

वादपत्रात काही राहून गेले तर आदेश ६, नियम १७ खाली दुरुस्ती मागता येते. मात्र सुनावणी सुरू झाल्यावर, आधी पुरेशी दक्षता घेऊनही तो मुद्दा मांडता आला नव्हता, हे पटवावे लागते. म्हणून पहिला मसुदाच वकिलाकडून करून घ्यावा. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे कोठडीतल्या व्यक्तीला मोफत वकील मिळतो, आणि त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही.