फरारबाईंचं घराणं शोधू या

विद्यार्थी मित्रांनो, सावित्रीबाई फुले यांच्या पाठात तुम्ही 'मिस फरार' हे नाव वाचलं असेल. सावित्रीबाईंनी अध्यापनाचं प्रशिक्षण घेतलं ते याच बाईंकडे, आपल्या अहमदनगरला (आता अहिल्यानगर). पण या बाई कोण? कुठल्या? त्यांच्या घरचं कोण होतं? २०० वर्षांपूर्वीच्या माणसाचा माग कसा काढायचा, ते आज पाहू.

पहिली पायरी म्हणजे नाव. पूर्ण नाव सिंथिया फरार. मराठी पुस्तकांत ते फरार, फॅरार, फेरार असं वेगवेगळं लिहिलेलं दिसतं. मोबाईलवर नुसतं 'फरार' टाकलंत तर पळालेल्या आरोपींच्या बातम्याच समोर येतील! म्हणून नावासोबत गाव आणि वर्षही टाकायचं.

दुसरी पायरी जन्मगाव. सिंथियाबाई १७९५ साली अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात, मार्लबरो या छोट्या गावी जन्मल्या. त्या भागात गावाचा कारकून जन्म, लग्न, मृत्यू वहीत लिहून ठेवी. पुढे अशा वह्यांवरून गावोगावचे इतिहास छापले गेले. मार्लबरोचाही इतिहास १८८१ मध्ये छापला गेला. अशा पुस्तकांत घराणेवार वंशावळी दिलेल्या असतात.

तिसरी पायरी नोकरीचे कागद. बाईंना इकडे पाठवलं ते 'अमेरिकन बोर्ड' या मिशनरी संस्थेने. १८२७ च्या अखेरीस, वयाच्या ३२ व्या वर्षी त्या मुंबईत उतरल्या. लग्न न झालेल्या बाईने एकटीने इतक्या दूर कामाला जाणं तेव्हा अमेरिकेतही नवलाचंच होतं. १८३९ पासून त्या नगरला राहिल्या आणि २५ जानेवारी १८६२ रोजी नगरलाच वारल्या. संस्थेचे वार्षिक अहवाल आणि पत्रव्यवहार जपून ठेवलेले असल्यामुळे हे सगळं आज कळतं.

चौथी पायरी, दुसऱ्यांच्या आठवणी. 'ज्ञानोदय' हे नियतकालिक १८४२ साली नगरलाच सुरू झालं. त्याच्या १५ सप्टेंबर १८५३ च्या अंकात जोतीराव फुले यांचं निवेदन आहे. मित्रासोबत नगरला गेलो असता फरारबाईंच्या मुलींच्या शाळा पाहिल्या, असं ते त्यात सांगतात. त्यानंतर जोतीरावांनी १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. फरारबाईंचा शोध सोपा झाला, कारण लग्न न केल्याने त्यांचं आडनाव शेवटपर्यंत एकच राहिलं. आपल्याकडे काय होतं? लग्नात आडनाव बदलतं, कधी नावसुद्धा बदलतं. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थपुरोहितांच्या वह्यांत पिढ्यान्‌पिढ्यांची नावं सापडतात, पण बहुतेक पुरुषांची. आणि फरारबाईंच्या शाळेत पाटीवर अक्षरं गिरवणाऱ्या नगरच्या मुली? त्यांतल्या किती जणींची नावं आपण सांगू शकतो? सातासमुद्रापलीकडच्या बाईचं जन्मगाव आपल्याला ठाऊक असतं आणि स्वतःच्या पणजीचं माहेर विचारलं की आपण गप्प होतो!

फरारबाईंना स्वतःची मुलं नव्हती. पण त्यांच्याकडून सावित्रीबाई शिकल्या, सावित्रीबाईंकडून पुण्याच्या मुली. वर्गात बसलेल्या मुलींनो, ही सुद्धा एक वंशावळच आहे, आणि तिच्यात तुमचंही नाव आहे.

उपक्रम : आजी-आजोबांना विचारून आजी, पणजी आणि जमल्यास खापरपणजी यांची नावं वहीत लिहा. प्रत्येकीचं माहेरचं नाव, माहेरचं गाव आणि शाळेत गेली होती का, हेही लिहा. जुन्या शाळेचं जनरल रजिस्टर आणि गावचं कोतवाल बुक इथेही नोंदी मिळू शकतात. पण सुरुवात घरातूनच करा आणि ती आजच करा, कारण कागद थांबतात, माणसं थांबत नाहीत.