मूल ऐकत नाही तेव्हा

‘मूल ऐकत नाही’ या वाक्याचे मराठीत दोन अर्थ होतात. आणि घरोघर त्यांतला हट्टीपणाचा अर्थच आधी धरला जातो. चार वर्षांच्या बालकाने दोन हाका मारूनही मान वळवली नाही, की त्याची गणना द्वाड मुलांत होते. त्याला हाक पोहोचलीच नसेल, अशी शंका सहसा कोणी घेत नाही. कारण त्याचा कान दुखत नाही, वाहत नाही, आणि मोठ्याने बोलले असता त्याला ऐकूही येते.

अशा मुलांपैकी काहींच्या कानाच्या पडद्यामागे द्रव साठलेला असतो. पडद्यामागे एक लहानशी पोकळी आहे. हातोडी, ऐरण आणि रिकीब या तीन इवल्या अस्थी तिच्यात असतात व पडद्याची कंपने त्या आत पोहोचवतात. या पोकळीतील हवा तिच्या अस्तरात सतत शोषली जाते. तिची भरपाई करते ती नाकाच्या मागून कानाकडे गेलेली एक नलिका. १६व्या शतकातील इटालियन शरीरशास्त्रज्ञ युस्टाकी याच्या नावाने ती ओळखली जाते. आवंढा गिळताना किंवा जांभई देताना ती क्षणभर उघडते. प्रौढ माणसात ती सुमारे ३५ मिलिमीटर लांब आणि उतरती असते; तान्ह्या मुलात मात्र जेमतेम निम्मी व जवळजवळ आडवी. पडशाने ती सुजली की आत हवा पोहोचत नाही आणि अस्तरातून पाझरलेला द्रव हवेची जागा घेतो. कधीकधी तो इतका चिकट असतो, की इंग्लंडात या विकाराला ‘सरसाचा कान’ असेच नाव पडले आहे.

या मुलाला बहिरे म्हणता येत नाही. कानांत बोटे घालून बसावे, तसे जग त्याला ऐकू येते. मोठे स्वर कळतात, हलकी व्यंजने निसटतात. मराठीत तर ‘घरात’, ‘घराला’, ‘घराने’ यांतील भेद शब्दाच्या शेवटच्या, दबत्या अक्षरावरच उभा असतो. बेळगाव किंवा हैदराबादसारख्या ठिकाणी घरात एक, गल्लीत दुसरी आणि शाळेत तिसरी भाषा कानी पडते. तेथे मूल उशिरा बोलू लागले, तर दोष भाषांच्या गर्दीला दिला जातो. अनेक भाषांनी मूल मुके होत नाही. आधी कान तपासून घ्यावा, हेच शहाणपणाचे.

तपासणीत द्रव आढळला म्हणून लगेच शस्त्रक्रियेची घाई मात्र नको. बहुतेक मुलांत तो तीन महिन्यांच्या आत आपोआप ओसरतो, आणि सर्दीच्या गोळ्यांनी किंवा प्रतिजैविकांनी त्यात विशेष फरक पडत नाही. टाळू दुभंगलेल्या मुलांची किंवा ज्यांचे बोलणे आधीच मागे पडले आहे त्यांची गोष्ट वेगळी. त्यांच्या बाबतीत निर्णय लवकर घ्यावा लागतो. तीन महिन्यांनंतरही दोन्ही कानांत द्रव असेल व श्रवण मंद असेल, किंवा कान वरचेवर पिकून मधल्या काळातही द्रव राहत असेल, तर नळी बसविण्याचा विचार होतो.

ही नळी कशासाठी, याविषयी गैरसमज पुष्कळ आहे. ती पाणी काढण्याची मोरी नव्हे, हवा घेण्याचा झरोका आहे. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडले तर तेल अडखळते. दुसरे पाडून हवा आत जाऊ दिली की धार सुरळीत लागते. सूज आलेली नलिका जे काम करू शकत नाही, ते ही नळी पडद्यातून करते. नुसते छिद्र पुरत नाही, हा धडा जुना आहे. लंडनचे शल्यविशारद ॲस्टली कूपर यांनी १८०१ मध्ये पडद्याला छिद्र पाडून ऐकू येऊ लागल्याचे दाखवले आणि रॉयल सोसायटीचे कोपली पदकही मिळवले; पण छिद्रे बुजत आणि बहिरेपण परत येई. छिद्र उघडे ठेवणारी प्लास्टिकची नळी अमेरिकेतील डॉक्टर बेव्हरली आर्मस्ट्राँग यांनी १९५४ मध्ये वापरली आणि तेव्हापासून ही पद्धत रूढ झाली.

शस्त्रक्रिया दहा-पंधरा मिनिटांची असते. मुलाला भूल देऊन सूक्ष्मदर्शकाखाली पडद्याला बारीक चीर देतात, द्रव शोषून घेतात आणि चिरेत नळी अडकवतात. बहुधा त्याच दिवशी मूल घरी येते. एरवीचे घरगाडे आवाज, पंख्याची घरघर, भांड्यांचा खणखणाट, त्याला काही दिवस कर्कश वाटतात.

यानंतर कानात कोमट तेल सोडण्याची जुनी सवय पूर्णपणे बंद झाली पाहिजे, कारण आता ते थेट पोकळीत उतरेल. अंघोळीची भीती नको. गढूळ तळ्यात बुडी मात्र नको. कान वाहिला तर डॉक्टरांनी दिलेले थेंबच घालावेत. काही मुलांना पुन्हा नळी लागते, थोड्यांच्या पडद्यात छिद्र राहून जाते. म्हणून अधूनमधून तपासणी हवीच. एरवी पडदा वाढता वाढता सहा ते अठरा महिन्यांत नळीला स्वतःच बाहेर ढकलतो. ती मळाबरोबर निघून गेल्याचे पुष्कळदा कोणाच्या ध्यानातही येत नाही.