प्रशिक्षक निघून गेल्यावर

धाराशिवमधील एखाद्या जुन्या शाळेच्या मैदानाशेजारून सायंकाळी जावे, तर 'खो'ची आरोळी अद्याप कानी पडते. या जिल्ह्याला पावसाने आणि उद्योगधंद्यांनी नेहमीच हात आखडता घेऊन दिले; खो-खोने मात्र भरभरून दिले. २०१६ साली गुवाहाटी येथे झालेल्या दक्षिण आशियाई क्रीडास्पर्धेत सुवर्णपदक मिळविणाऱ्या भारतीय महिला संघाच्या कर्णधार सारिका काळे या याच जिल्ह्याच्या. २०२० साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. २०२२ च्या नोव्हेंबरात राष्ट्रीय अजिंक्यपद खो-खो स्पर्धा याच शहरात भरली. पुढे जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्लीत पहिली विश्वचषक स्पर्धा झाली आणि भारताचे पुरुष व महिला असे दोन्ही संघ अजिंक्य ठरले. दोन्ही संघांचे कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, महाराष्ट्राचेच होते.

या यशाचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. परंतु अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला यशापेक्षा ते निर्माण करणाऱ्या व्यवस्थेविषयी अधिक कुतूहल असते. ही व्यवस्था कोणती, असे विचारले तर बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळते : 'सर'. एका शाळेतील एक क्रीडाशिक्षक, किंवा एका मंडळातील एक प्रशिक्षक. मैदान आखणारे तेच, मुलींच्या आईवडिलांची समजूत घालणारे तेच, आणि स्पर्धेच्या गावी उतरण्याची सोय पाहणारेही तेच. मग ज्या दिवशी हे सर निवृत्त होतात, त्यांची बदली होते वा प्रकृतीमुळे ते घरी बसतात, त्या दिवशी मागे काय उरते?

प्रस्तुत लेखकाने याचे उत्तर जवळून पाहिले आहे. काही वर्षांपूर्वी एक विद्यार्थिनी माझ्याकडे आली. शाळेत असताना ती खो-खो खेळत असे. शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. त्याचा लाभ घ्यावयाचा तर क्रीडा प्रमाणपत्राची पडताळणी व्हावी लागते. त्यासाठी तिला जुन्या स्पर्धेतील सहभागाचे कागद हवे होते. शाळेत विचारले, तर ते सारे सरांकडे असत, असे सांगण्यात आले. सर निवृत्त होऊन परगावी गेले होते. त्यांच्या घरच्या पेटीतून काही कागद निघाले, काही निघाले नाहीत. दरम्यान अर्जाची मुदत टळून गेली. त्या शाळेचा संघही सरांच्या पश्चात एक वर्ष तालुक्याच्या स्पर्धेत उतरला नाही. मुली होत्या, मैदान होते. पण प्रवेशिका कोणत्या तारखेपर्यंत भरावयाच्या आणि वयाचे दाखले कोणी जोडावयाचे, हे ठाऊक असलेला माणूसच शाळेत उरला नव्हता. यात कोणाचाही दुष्ट हेतू नव्हता. एका माणसाला संस्था समजण्याची चूक तेवढी झाली होती, आणि तिची किंमत एका मुलीने भरली.

मँचेस्टरचा धडा

ही चूक केवळ गरीब जिल्ह्यातील शाळाच करतात असे नाही. जगातील अत्यंत धनाढ्य अशा फुटबॉल क्लबांनीही ती केली आहे. इंग्लंडमधील मँचेस्टर युनायटेड या क्लबाची सूत्रे ॲलेक्स फर्ग्युसन यांनी नोव्हेंबर १९८६ मध्ये हाती घेतली आणि मे २०१३ मध्ये खाली ठेवली. या साडेसव्वीस वर्षांत क्लबाने तेरा वेळा लीगचे विजेतेपद आणि दोनदा युरोपचे अजिंक्यपद मिळविले. फर्ग्युसन यांना प्रशिक्षक म्हणणे अपुरे आहे. खेळाडूंची निवड, खरेदी-विक्री, तरुणांची घडण आणि क्लबातील शिस्त या सर्वांवर त्यांचा शब्द अखेरचा असे. त्याच उन्हाळ्यात क्लबाचे मुख्य कार्यकारी अधिकारी डेव्हिड गिल हेही पायउतार झाले. म्हणजे मैदानाची आणि कचेरीची अशा दोन्ही चाव्या एकाच वेळी नव्या हातांत गेल्या.

क्लबाने काय केले? फर्ग्युसन यांच्याच पसंतीचे डेव्हिड मॉइस यांना सहा वर्षांच्या कराराने आणून त्याच खुर्चीवर बसविले. दहा महिन्यांत त्यांना जावे लागले, आणि गतवर्षीचा विजेता क्लब सातव्या क्रमांकावर घसरला. त्यानंतर प्रशिक्षकांमागून प्रशिक्षक आले. फुटबॉलविषयक संचालक हे स्वतंत्र पद त्या क्लबात प्रथम निर्माण झाले ते मार्च २०२१ मध्ये, फर्ग्युसन गेल्यानंतर जवळजवळ आठ वर्षांनी. एका असामान्य माणसाच्या सोयीने वाढलेली खुर्ची सामान्य माणसाला पेलणार नाही, हे कळावयास पैशाच्या राशी ओतूनही आठ वर्षे लागली.

लंडनच्या आर्सेनल क्लबाने अधिक दूरदृष्टी दाखविली. १९९६ पासून प्रशिक्षक असलेले आर्सेन वेंगर २०१८ मध्ये गेले. तत्पूर्वीच खेळाडूंच्या शोधासाठी एक आणि फुटबॉलविषयक व्यवहारांसाठी एक असे दोन स्वतंत्र अधिकारी क्लबाने नेमले होते. तथापि ज्या मुख्य अधिकाऱ्याने ही घडी बसविली तो त्याच वर्षी दुसऱ्या क्लबाकडे गेला. खेळाडूंचा शोध घेणारा अधिकारी २०१९ च्या आरंभी गेला, आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात नव्या प्रशिक्षकालाही काढावे लागले. पदे निर्माण केली म्हणजे संस्था उभी राहते असे नाही. त्या पदांना काही काळ स्थैर्यही लागते, हा त्यातला बोध.

गोव्याचे डेंपो

आपल्या अधिक जवळचे उदाहरण गोव्याचे आहे. पणजीच्या डेंपो स्पोर्ट्स क्लबाची सूत्रे आर्मांदो कुलासो यांच्याकडे २००० सालापासून होती. त्यांच्या कारकिर्दीत डेंपोने २००४-०५ व २००६-०७ या वर्षी राष्ट्रीय फुटबॉल लीग आणि २००७-०८, २००९-१० व २०११-१२ या वर्षी आय-लीग अशी एकूण पाच राष्ट्रीय विजेतेपदे मिळविली. २००८ मध्ये हा संघ एएफसी चषकाच्या उपांत्य फेरीपर्यंत पोहोचला. महेश गवळी, समीर नाईक, क्लायमॅक्स लॉरेन्स, क्लिफर्ड मिरांडा असे गोमंतकीय खेळाडू वर्षानुवर्षे एकत्र खेळले, हे त्या यशाचे एक मर्म होते.

२०१३ मध्ये कुलासो डेंपोतून बाहेर पडले. त्यांच्या जागी ऑस्ट्रेलियन प्रशिक्षक नेमण्यात आला. २०१५ मध्ये डेंपोची आय-लीगमधून पदावनती झाली. २०१६ मध्ये दुय्यम विभाग जिंकून क्लबाने वर येण्याचा हक्क परत मिळविला. पण त्याच वर्षी साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा यांच्यासह डेंपोने आय-लीगमधून अंग काढून घेतले.

येथे घाईने निष्कर्ष काढू नये. हे सारे एक प्रशिक्षक गेल्यामुळे घडले, असे म्हणणे शास्त्रशुद्ध होणार नाही. गोव्यातील खाणकाम २०१२ मध्ये बंद पडले होते आणि तेथील फुटबॉलचा आश्रय दीर्घकाळ खाणमालकांच्या घराण्यांकडूनच आलेला होता. डेंपो घराण्याने मात्र आपला खाणव्यवसाय २००९ मध्येच विकला होता. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली आणि एफसी गोवा हा नवा क्लब जन्मला. त्याच्या मालकांत डेंपो व साळगावकर या दोन्ही घराण्यांतील व्यक्ती होत्या. पुढे महासंघाने नव्या लीगलाच देशातील अव्वल स्थान देण्याची योजना मांडली, तेव्हा जुन्या क्लबांना आपल्या खर्चाचे प्रयोजनच उरले नाही असे वाटले. तात्पर्य, बाजार बदलला, धोरण बदलले आणि प्रशिक्षकही बदलले. मात्र वादळ येते तेव्हा घराचा आधार एका खांबावर होता की चार खांबांवर, याला महत्त्व असते. डेंपोची तरुणांची शाखा टिकून राहिली आणि २०२४ मध्ये क्लब पुन्हा आय-लीगमध्ये परतला, ही गोष्ट या दृष्टीने बोलकी आहे. कुलासो यांना त्यांच्या आयुष्यभराच्या कार्याबद्दल २०२४ चा द्रोणाचार्य पुरस्कार जाहीर झाला, ही न्यायाची गोष्ट झाली.

कर्ता आणि कुटुंब

असे का होते? जुन्या एकत्र कुटुंबाचा कर्ता आठवावा. कोणत्या शेताचा बांध कोठे, कोणाचे किती देणे, कोणत्या सोयऱ्याला दुखवून चालत नाही, हे सारे त्याच्या डोक्यात असे. हे ज्ञान कागदावर नसते, म्हणून त्याची किंमत ताळेबंदात दिसत नाही. कर्ता गेल्यावर ती दिसते. भाऊ वेगळे होतात ते केवळ लोभाने नव्हे. पुष्कळदा हिशेब कोणालाच ठाऊक नसतो म्हणूनही. आपल्या सहकारी संस्थांतही एका कर्तबगार अध्यक्षाच्या पश्चात हेच घडताना आपण पाहिले आहे.

शिवाय यशस्वी कर्त्याला वारस तयार करण्याची निकड वाटत नाही आणि मंडळाला तसे सुचविण्याचे धैर्य होत नाही. 'सर आहेत तोवर काळजी नाही' हे वाक्य कौतुकाचे वाटते. वास्तविक तो धोक्याचा इशारा असतो. ज्या संस्थेत एकाच माणसाला सर्व ठाऊक असते, तेथे त्याला प्रश्न विचारणाराही कोणी उरत नाही. हे त्या माणसाच्या दृष्टीनेही चांगले नव्हे. तो आजारीसुद्धा पडू शकत नाही.

याउलट लिव्हरपूल क्लबाची कथा दोनदा विचार करावा अशी आहे. जुलै १९७४ मध्ये बिल शँकली यांनी अकस्मात राजीनामा दिला, तेव्हा क्लबाने बाहेर कोणाचा शोध घेतला नाही. बूट ठेवण्याच्या एका लहान खोलीत शँकलींचे सहकारी रोज बसत, खेळाची चर्चा करीत आणि सरावाच्या नोंदी वह्यांत लिहून ठेवीत. त्यांच्यातील बॉब पेझली पुढे झाले आणि नऊ हंगामांत त्यांनी सहा लीग विजेतेपदे व तीन युरोपीय चषक जिंकले. पन्नास वर्षांनंतर, जानेवारी २०२४ मध्ये, त्याच क्लबाचे युर्गेन क्लॉप यांनी हंगामाअखेर जाण्याचे जाहीर केले. या वेळी क्लबाने प्रथम कचेरी उभी केली : फुटबॉल व्यवहारांचा प्रमुख नेमला, त्याने क्रीडा संचालक आणला आणि मग त्या दोघांनी आर्ने स्लॉट यांची प्रशिक्षक म्हणून निवड केली. पुढच्याच हंगामात क्लबाने लीग जिंकली. एका हंगामावरून सिद्धांत मांडू नये हे खरे. परंतु आधी व्यवस्था व मग व्यक्ती, हा क्रम निश्चितच अनुकरणीय आहे.

आपण काय करावे?

आपल्या शाळेला वा मंडळाला क्रीडा संचालक नेमणे परवडणार नाही, हे उघड आहे. पण बूट ठेवण्याची खोली परवडेल. चार गोष्टी तर खर्चाविना होण्याजोग्या आहेत.

पहिली, नोंदवही. प्रत्येक स्पर्धेतील खेळाडूंची नावे, जन्मतारखा, निकालपत्रके आणि प्रमाणपत्रांच्या प्रती शाळेच्या दप्तरात असल्या पाहिजेत, सरांच्या पेटीत नव्हेत. मुख्याध्यापकांचा कार्यभार सोपविताना ज्याप्रमाणे दप्तराची यादी होते, त्याप्रमाणे क्रीडा विभागाचीही व्हावी. शाळांतील लिपिकांना या कामाचे महत्त्व वेगळे सांगावयास नको.

दुसरी, कामांची विभागणी. मैदानावर शिकविणे, खेळाडू निवडणे, पैसा सांभाळणे आणि कागदपत्रे पाहणे ही चार निरनिराळी कामे आहेत. ती चार माणसांकडे असावीत. निदान पैसा आणि निवड या दोन गोष्टी एका हाती नसाव्यात. त्यात सरांवरील अविश्वास नाही, उलट त्यांचे संरक्षण आहे.

तिसरी, सहायक. सरांच्या निवृत्तीपूर्वी दोन-तीन वर्षे त्यांच्याबरोबर एक तरुण शिक्षक किंवा माजी खेळाडू उभा राहिला पाहिजे. माजी खेळाडू मुलगी असेल तर अधिकच उत्तम. मुलींना परगावी पाठविताना पालकांना जो धीर लागतो तो ती देऊ शकते.

चौथी गोष्ट नव्या माणसाविषयीची. त्याला जुन्याची प्रतिकृती होण्याची सक्ती करू नये. 'आमच्या सरांच्या वेळी असे नव्हते' हे वाक्य किमान दोन वर्षे कोणी उच्चारू नये.

यावर कोणी म्हणेल, की अशा तळमळीच्या माणसांची जागा नोंदवह्यांनी भरून निघते काय? निघत नाही. तळमळ वहीत उतरवता येत नाही आणि सर्व शाळांना तसे सर लाभत नाहीत, हेही खरे. क्रीडाशिक्षकाची रिकामी झालेली जागा शासनाने वेळेवर भरली नाही तर वरील चारही उपाय लंगडे पडतील. परंतु तळमळीच्या माणसाने तीस वर्षे जे उभे केले ते तीस दिवसांत मोडू नये, एवढे तरी व्यवस्थेने पाहावे.

वास्तविक आमच्या जिल्ह्याला हे बाहेरून शिकण्याची गरज पडू नये. खो-खोत आठ जण पाटावर बसलेले असतात आणि एकजण धावतो. धावणारा कितीही चपळ असला तरी सगळे गडी तो एकटा बाद करू शकत नाही. योग्य क्षणी त्याला बसलेल्याला खो द्यावा लागतो आणि त्याच्या जागी स्वतः बसावे लागते. खो मिळण्यापूर्वी उठणे हा नियमभंग आहे. पण खो मिळताच उठावयास जो तयार नसतो, त्याच्यामुळे हातातला गडी निसटतो. आमच्या मुली हा नियम दहाव्या-बाराव्या वर्षी शिकतात. त्यांना शिकविणाऱ्या संस्थांनीही तो आता शिकला पाहिजे. म्हणजे उद्या एखादी मुलगी आपले जुने प्रमाणपत्र मागावयास शाळेत येईल, तेव्हा तिला सरांचा परगावचा पत्ता हातात घेऊन परतावे लागणार नाही.