विश्लेषण : ‘एचएमटी’ तांदूळ कोणाचा? तिसरी शिकलेल्या शेतकऱ्याचा की विद्यापीठाचा?

नागपूर : शिक्षण मोठे की अनुभव, हा वाद चहाच्या टपरीपासून विधिमंडळापर्यंत रंगतो आणि बहुधा तिथेच विरतो. विदर्भात मात्र या वादाचा एक खटला रोज ताटात वाढला जातो. नागपूरच्या किराणा दुकानात बारीक तांदूळ मागणारे ग्राहक सरळ ‘एचएमटी द्या’ म्हणतात. हे वाण हुडकणारे दादाजी रामाजी खोब्रागडे जेमतेम तिसरीपर्यंत शिकले होते. त्याचे सुधारित रूप ‘पीकेव्ही-एचएमटी’ या नावाने प्रसारित केले ते डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने. दादाजींचे ३ जून २०१८ रोजी निधन झाले. श्रेय नेमके कोणाचे, हा वाद त्यांच्या मागेही राहिला.

दादाजींनी नेमके काय केले?

चंद्रपूर जिल्ह्याच्या नागभीड तालुक्यातील नांदेड हे दादाजींचे गाव (मराठवाड्यातील नांदेडशी त्याचा संबंध नाही). १९८३ मध्ये ‘पटेल-३’ या वाणाच्या बांधीत त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. दाण्यावर पिवळसर झाक होती आणि दाणा बारीक होता. त्यांनी त्या लोंब्या बाजूला काढून ठेवल्या, पुढच्या हंगामात त्यांचे पऱ्हे वेगळे टाकले, रोवणीही वेगळी केली. असे वर्षानुवर्षे चालले. दर वर्षी हव्या तशा लोंब्या राखायच्या, बाकीच्या सोडायच्या. पुढे हे धान तळोधीच्या बाजारात विक्रीला आले. त्याला नाव नव्हते. त्या काळी एचएमटीचे घड्याळ मनगटावर असणे ही मिरवण्याची गोष्ट होती, म्हणून व्यापाऱ्यांनी तेच नाव देऊन टाकले.

याला संशोधन म्हणायचे का?

कृषी पदवीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थीही याचे उत्तर देईल. भात हे स्वपरागीभवन होणारे पीक आहे. परागकण बहुतांशी त्याच फुलात पडतात, शेजारच्या झाडाशी संकर होण्याचे प्रमाण अगदी कमी असते. त्यामुळे वेगळे दिसलेले झाड निवडून त्याचे बी वेगळे वाढवले, की काही पिढ्यांत एकसारखे पीक मिळते. डेन्मार्कचे वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म योहान्सन यांनी १९०३ मध्ये घेवड्यावरील प्रयोगांतून ‘शुद्ध वंश’ ही कल्पना मांडली. पाठ्यपुस्तकात जिला निवड पद्धत म्हणतात, ती याच पायावर उभी आहे. दादाजींनी पुस्तक न वाचता तीच पद्धत वापरली.

यात एक गंमत आहे. बियाण्याच्या प्लॉटमध्ये वेगळे दिसणारे झाड उपटून टाकायचे, हा प्रशिक्षित माणसाला शिकवलेला पहिला धडा असतो. त्या झाडाला ‘भेसळ’ म्हणतात. शुद्ध बियाणे तयार करायचे असेल तर तो धडा बरोबरच आहे. पण ‘पटेल-३’च्या त्या बांधीत असा शिकलेला माणूस उतरला असता, तर एचएमटी बांधावरच वाळून गेला असता.

मग विद्यापीठाने काय केले?

विद्यापीठाच्या सिंदेवाही येथील भात संशोधन केंद्राने १९९४ मध्ये दादाजींकडून बियाणे नेले. १९९८ मध्ये ‘पीकेव्ही-एचएमटी’ प्रसारित झाले. मूळ बियाण्यात सरमिसळ होती, ती काढून शुद्धीकरण आम्ही केले, ही विद्यापीठाची बाजू. बियाणे आमच्याकडून प्रयोगासाठी म्हणून नेले आणि श्रेयातून नाव गळाले, ही दादाजींची तक्रार.

विद्यापीठाची बाजू निव्वळ सबब म्हणून झटकता येत नाही. एका गावात, एका माणसाच्या देखरेखीत उत्तम आलेले धान दुसऱ्या जमिनीत, दुसऱ्या पावसात तसेच येईल याची खात्री नसते. त्यासाठी अनेक ठिकाणी, अनेक हंगाम चाचण्या घ्याव्या लागतात, कीड-रोगांच्या नोंदी ठेवाव्या लागतात. शिवाय १९६६च्या बियाणे कायद्यानुसार अधिसूचित वाणाचेच बियाणे प्रमाणित करता येते. पैदासकार, पायाभूत आणि प्रमाणित बियाणे ही साखळी लहान जमिनीच्या शेतकऱ्याला एकट्याने उभारता येणारी नाही. हे काम शिकलेल्यांचे आणि संस्थेचेच आहे. मात्र शुद्धीकरणासाठी आधी शुद्ध करण्याजोगे काहीतरी हाती असावे लागते. ते सापडले शेतात. ‘पीकेव्ही’ ही तीन अक्षरे नावाच्या पुढे लागताना दादाजींचे नाव शेवटी तरी लावता आले असते. त्याला तांत्रिक अडचण कोणती होती, हे समजणे कठीण आहे.

कायदा काय सांगतो?

१९९८ मध्ये या बाबतीत स्वतंत्र कायदाच नव्हता. ‘पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा’ आला तो २००१ मध्ये, म्हणजे तीन वर्षांनी. वाण विकसित करणाऱ्या शेतकऱ्याला पैदासकाराप्रमाणेच नोंदणीचा हक्क देणारा हा कायदा जगातही वेगळा मानला जातो. शेतकऱ्यांच्या वाणापासून दुसरे वाण व्युत्पन्न करायचे असेल, तर मूळ वाण जपणाऱ्या किंवा विकसित करणाऱ्या शेतकऱ्यांची संमती लागते. या कायद्याखालील कार्यवाहीत शेतकऱ्याला शुल्क माफ आहे.

शुल्क माफ झाले, तरी कागद माफ झालेला नाही. वाण वेगळे, एकसारखे आणि स्थिर आहे हे दाखवावे लागते. पानाची लांबी, लोंबीची ठेवण, फुलोऱ्याचे दिवस अशी वैशिष्ट्ये ठरलेल्या नमुन्यात भरावी लागतात. दादाजींना ही वैशिष्ट्ये डोळ्यांनी ओळखता येत होती. ती सरकारी भाषेत लिहायला मात्र दुसरा माणूस हवा. तिसरीनंतर सुटलेल्या शाळेची खरी किंमत त्यांनी इथे मोजली. वाण शोधताना शाळेवाचून अडले नाही, ते आपले आहे हे सिद्ध करताना अडले.

अनुभवाला मान्यता देण्याची सोय आता आहे का?

काही प्रमाणात आहे. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत गवंडी, सुतार यांच्यासारख्या कारागिरांच्या पूर्वीच्या कामाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र दिले जाते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ हे पद आणले. त्यासाठी किमान १५ वर्षांचा अनुभव लागतो, औपचारिक पदवीची अट नाही. पण पहिली योजना आधीच ठरलेल्या कामाचे कौशल्य तपासते आणि दुसरी प्रामुख्याने वरिष्ठ पदांवर काम केलेल्यांसाठी आहे. बांधीत उभ्या उभ्या नवे काही शोधणारा माणूस यांपैकी कोणत्याच रकान्यात बसत नाही.

दादाजींना काय मिळाले?

सन्मान मिळाले. तळागाळातील शोधांची नोंद ठेवणाऱ्या ‘राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठान’चा पुरस्कार त्यांना २००५ मध्ये तत्कालीन राष्ट्रपती ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते मिळाला. २०१० मध्ये ‘फोर्ब्स’ने प्रभावी ग्रामीण उद्योजकांच्या यादीत त्यांना स्थान दिले. उद्योजक हा शब्द त्यांना कितपत लागू होता, हा प्रश्नच आहे. एचएमटीच्या विक्रीतून व्यापारी आणि बियाणे कंपन्यांनी कमावले, दादाजींचे शेवटचे दिवस हलाखीतच गेले. पक्षाघाताने आजारी असताना गडचिरोली जिल्ह्यातील शोधग्राम येथील रुग्णालयात वयाच्या ७९व्या वर्षी त्यांनी अखेरचा श्वास घेतला.

एचएमटीवर ते थांबले नव्हते. त्यांनी निवडलेल्या धानाच्या वाणांची संख्या नऊपर्यंत गेली. त्यांत ‘नांदेड हिरा’, ‘विजय नांदेड’ अशी गावाचे नाव राखणारी वाणे आहेत. एकाचे नाव आहे ‘डीआरके’. ही आद्याक्षरे दादाजी रामाजी खोब्रागडे यांची.