नळीत उरलेलं रक्त

उल्हासनगरच्या कॅम्प ५ मध्ये कुणाचा हात मशीनमध्ये सापडला, कुणाच्या छातीत मध्यरात्री कळ आली, की रिक्षा कॅम्प ३ च्या मध्यवर्ती रुग्णालयाकडे सुटते. अंबरनाथ-बदलापूरचे रुग्णही तिथंच येतात. अशा कुठल्याही कॅज्युअल्टीत सलाईन लागतं, रक्त काढलं जातं. सीबीसीसाठी जांभळ्या टोपणाच्या नळीत दोनेक मिलिलिटर रक्त घेतात. यंत्राला त्यातलं अगदी थोडं पुरतं, बाकीचं शेवटी कचऱ्यात जातं. त्या उरलेल्या रक्तात मात्र एखादी अशी गोष्ट असू शकते, जी खुद्द रुग्णालाही ठाऊक नाही.

अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात डॉक्टरांनी तातडीच्या विभागात आलेल्या अडीच हजारांवर रुग्णांचं रक्त तपासलं. १९९२ साली निष्कर्ष छापून आला: १८ टक्के लोकांच्या रक्तात हेपॅटायटिस सी या यकृताच्या संसर्गाच्या खुणा होत्या. ती तिथल्या वस्तीची गोष्ट, आकडा आपल्याला लागू नाही. पण मर्म इथंही तेच. ज्याला एरवी डॉक्टरकडे जायला ना सवड ना पैसा, तोसुद्धा हात कापला की कॅज्युअल्टीत येतो. इंग्लंडने नेमकं हेच हेरलं. एप्रिल २०२२ पासून लंडनसह काही शहरांत तातडीच्या विभागात रक्त घेतलं, की रुग्णाने नको म्हटलं नसेल तर एचआयव्हीची तपासणी होते. बऱ्याच ठिकाणी हेपॅटायटिस बी आणि सीचीही.

मुळात शोधायला का लागावं? कारण हे विषाणू कमालीचे गुपचूप राहतात. हेपॅटायटिस सी झालेल्या माणसाच्या शरीरात रोज सुमारे एक लाख कोटी नवे विषाणू तयार होतात, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. तरीही तो वीस-तीस वर्षं कामावर जातो, जेवतो, झोपतो. यकृत तक्रार करतं, तेव्हा बहुतेकदा फार उशीर झालेला असतो.

उल्हासनगरला हा विषय परका नाही. सिंधी समाजात थॅलेसेमियाचे वाहक जास्त आहेत, आणि थॅलेसेमियाच्या मुलांना दर काही आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. हेपॅटायटिस सीचा विषाणू १९८९ मध्ये ओळखला गेला. आपल्या रक्तपेढ्यांत त्याची तपासणी सक्तीची झाली ती या शतकाच्या तोंडावर. तोवर देशभरात अशा कित्येक मुलांना जगवणाऱ्या रक्तातूनच हा पाहुणा मिळाला.

हेपॅटायटिस सीच्या तपासणीचं कार्ड बोटाएवढं. त्यावर थेंब टाकायचा आणि काही मिनिटं थांबायचं. रक्तात विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं असतील, तर दुसरी लालसर रेघ उमटते. ती रेघ बहुधा सोन्याची असते! सोन्याचे कण मिलिमीटरच्या लाखाव्या हिश्श्याच्या घरात आले, की ते पिवळे नव्हे, लाल दिसतात. पण एवढ्यावर रोग ठरत नाही. काहींचं शरीर हेपॅटायटिस सीला स्वतःच हुसकावून लावतं आणि प्रतिपिंडं तेवढी मागे राहतात. म्हणून विषाणू आज आहे का, हे पाहायला आरएनएची तपासणी करावी लागते.

खरी नवलाई पुढे आहे. आपला जनुकीय मजकूर सुमारे तीनशे कोटी अक्षरांचा, एचआयव्ही आणि हेपॅटायटिस सी या दोन्ही विषाणूंचा मात्र दहा हजारांच्या आत. एचआयव्ही आपला मजकूर डीएनएत उतरवून थेट आपल्या पेशीच्या गुणसूत्रात घुसवतो, म्हणजे सातबाऱ्यावरच नाव चढवतो. त्यामुळे औषधं त्याला आयुष्यभर दाबून ठेवतात, पण काढून टाकू शकत नाहीत. दाब इतका पक्का, की रक्तात विषाणू सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, तर लैंगिक संबंधातून तो जोडीदाराला लागत नाही. हेपॅटायटिस सी पेशीच्या केंद्रकात शिरतच नाही, कागदोपत्री त्याची नोंदच नसते. म्हणून बहुतेकांना साधारण बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी तो कायमचा जातो. शंभरातले पंचाण्णवच्या आसपास लोक बरे होतात.

अमेरिकेत यातल्या सोफोसबुव्हिर या औषधाची एक गोळी २०१३ मध्ये हजार डॉलरला निघाली होती. आपल्याकडे २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात हा उपचार मोफत आहे. एचआयव्हीची तपासणी सरकारी समुपदेशन-तपासणी (आयसीटीसी) केंद्रांत फुकट होते, आणि २०१७ च्या कायद्यानुसार ती तुमच्या संमतीनेच. इंग्लंडसारखं ‘नको म्हणेपर्यंत चालू’ इथं चालत नाही, आधी विचारावं लागतं. पण विचारण्याचा हक्क फक्त डॉक्टरला थोडाच आहे? रक्त देताना आपणही विचारू शकतो: "याच रक्तात एचआयव्ही आणि हेपॅटायटिस सीच्या तपासण्याही होतील का?"