परंतुक गेले, नस्ती मिटली

संसदेचे अधिवेशन सुरू झाले की दिल्लीतील मंत्रालयांच्या संसद कक्षांत धांदल उडते. लोकसभेत एका दिवसासाठी २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न घेतले जातात. राज्यसभेचे प्रश्न वेगळे. अमुक योजनेचे लाभार्थी कोण, अमुक कंत्राट कोणाला मिळाले, अमुक चौकशी कुठवर आली, असे एखाद्या खासदाराने विचारले की कक्ष अधिकाऱ्यापासून सहसचिवापर्यंत नस्ती धावते आणि ठरलेल्या दिवशी मंत्र्याच्या नावाने उत्तर पटलावर येते. उत्तर तयार नसेल तर 'माहिती संकलित करण्यात येत असून ती पटलावर ठेवण्यात येईल' हे ठराविक वाक्य येते. ते वाक्यही आश्वासन मानले जाते आणि सरकारी आश्वासनविषयक समिती त्याचा पाठपुरावा करते.

माहितीच्या अधिकाराच्या कायद्याने सामान्य अर्जदाराला एका मर्यादित अर्थाने या खासदाराच्या शेजारी बसवले होते. १२ ऑक्टोबर २००५ रोजी पूर्णपणे अमलात आलेल्या या कायद्याचे कलम ८(१)(ञ), म्हणजे इंग्रजी पाठातील 'जे' खंड, व्यक्तिगत माहितीला संरक्षण देत असे. सार्वजनिक कामाशी संबंध नसलेली किंवा उघड केल्यास खासगीपणावर अवाजवी आक्रमण होईल अशी माहिती देण्याचे बंधन नव्हते. मात्र व्यापक लोकहितासाठी ती देणे समर्थनीय आहे, अशी जन माहिती अधिकाऱ्याची खात्री पटली तर ती देता येत होती. या खंडाला एक परंतुक जोडलेले होते. संसदेला किंवा राज्य विधानमंडळाला जी माहिती नाकारता येत नाही, ती कोणाही व्यक्तीला नाकारता येणार नाही, असे त्यात म्हटले होते.

नोव्हेंबर २०२५ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचे कलम ४४(३) अमलात आले आणि हा सगळा खंड पुसला गेला. त्याच्या जागी आता 'व्यक्तिगत माहितीशी संबंधित असलेली माहिती' एवढीच शब्दरचना उरली आहे. सार्वजनिक कामाशी संबंधाची कसोटी गेली, अवाजवी आक्रमणाची अट गेली आणि परंतुकही गेले.

हे परंतुक शोभेचे नव्हते, याची साक्ष महाराष्ट्रातीलच एका प्रकरणात सापडते. न्यायालयाच्या अवमानाबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये माजी वनमंत्री सुरूपसिंग नाईक यांना एक महिन्याची कैद सुनावली. शिक्षेतील बराच काळ त्यांनी मुंबईच्या जे.जे. रुग्णालयात काढला. त्यांना नेमके काय झाले होते, हे विचारणाऱ्या अर्जावर वैद्यकीय कागदपत्रे ही व्यक्तिगत बाब असल्याचा बचाव पुढे आला. मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्ये तो मान्य केला नाही. शिक्षा झालेल्या कैद्याची अशी माहिती विधिमंडळाने मागितली तर ती नाकारता आली नसती, मग नागरिकाला कशी नाकारता येईल, अशी त्या निकालाची दिशा होती. आजार हा माणसाचा सर्वांत खासगी विषय. पण कैदी शासनाच्या ताब्यात आणि रुग्णालय शासनाचे असेल तर त्या खासगीपणालाही सार्वजनिक बाजू असते. जुना खंड हे तोलायला जागा देत होता. नवा खंड ती जागाच ठेवत नाही.

अर्थात, तराजू त्याआधीच एका बाजूला झुकू लागला होता. ऑक्टोबर २०१२ मध्ये गिरीश देशपांडे प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सरकारी नोकराला दिलेले ज्ञापन, कारणे दाखवा नोटिसा, शिक्षेचे आदेश, मालमत्तेचा तपशील आणि प्राप्तिकर विवरणपत्रे ही सर्वसाधारणपणे व्यक्तिगत माहिती ठरवली. परंतुकाची सविस्तर चिकित्सा त्या निकालात आढळत नाही. तरीही 'व्यापक लोकहित असल्यास' हा दरवाजा त्याने उघडा ठेवला होता. पुढे देशभरातील कार्यालयांनी त्या निकालातला नकार तेवढा पाठ केला आणि दरवाजा विसरून गेली. नकार देणे सोपे असते. त्याला टिपणी लांब लिहावी लागत नाही.

सरकारची बाजूही दुर्लक्षिण्यासारखी नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणाला मूलभूत हक्काचा दर्जा दिला. त्यानंतर २००५ च्या कायद्याची त्याच्याशी सांगड घालणे भाग होते, असे सरकारचे म्हणणे आहे. शिवाय माहिती अधिकार कायद्याचे कलम ८(२) कायम आहे. लोकहित हानीपेक्षा मोठे असेल तर अपवादात बसणारी माहितीही त्याखाली देता येते. हे खरे आहे; पण कलम ८(२) मध्ये निर्णय 'सार्वजनिक प्राधिकरणा'चा आहे आणि भाषा 'देता येईल' अशी आहे. जुन्या खंडात खात्री पटण्याचा अधिकार जन माहिती अधिकाऱ्याकडे, म्हणजे बहुधा अवर सचिव किंवा उपसचिव दर्जाच्या माणसाकडे होता. मंत्रालयात काम केलेल्या कोणालाही या फरकाचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. जो निर्णय टेबलावर होत होता, तो आता नस्ती वर चढवून घ्यावा लागणार. वर चढलेली नस्ती तीस दिवसांच्या मुदतीत खाली येईलच, अशी खात्री फार थोडे देतील.

खासगीपणाशी सांगड घालण्याचा दुसरा मार्ग सरकारसमोर होता. न्या. बी. एन. श्रीकृष्ण समितीने २०१८ मध्ये मसुदा दिला तेव्हा याच खंडात दुरुस्ती सुचवली होती. पण तिच्यात संबंधित व्यक्तीला होणारी हानी आणि माहिती उघड होण्यातील लोकहित यांची तुलना कायम होती. संसदेत २०२३ मध्ये जे आले त्यात तुलनेचा मागमूस नव्हता. मणिपूरच्या प्रश्नावरील गदारोळात ७ ऑगस्ट २०२३ रोजी लोकसभेने आणि ९ ऑगस्टला राज्यसभेने ते विधेयक आवाजी मतदानाने मंजूर केले. माहिती अधिकाराचे मूळ विधेयक मात्र डिसेंबर २००४ मध्ये मांडल्यानंतर स्थायी समितीकडे गेले होते आणि शंभराहून अधिक दुरुस्त्या पचवून मे २००५ मध्ये मंजूर झाले. २००६ मध्ये टिपण्या कायद्याच्या कक्षेतून वगळण्याचा प्रस्ताव मंत्रिमंडळाने संमत केला, तेव्हाही तो उघड राजकीय वाद होता. अण्णा हजारे आळंदीत उपोषणाला बसले आणि सरकारला ती दुरुस्ती बाजूला ठेवावी लागली. २०१९ मध्ये माहिती आयुक्तांचा पाच वर्षांचा निश्चित कार्यकाळ काढून तो ठरवण्याचा अधिकार केंद्राने आपल्याकडे घेतला, तेव्हा निदान विधेयकाच्या नावात माहिती अधिकार होता. या वेळी घाव दुसऱ्याच कायद्याच्या शेवटाकडील एका उपकलमातून बसला.

व्यक्तिगत माहिती म्हणजे प्रत्यक्षात काय, याचे उत्तर या चळवळीच्या उगमातच आहे. नव्वदच्या दशकात राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने जनसुनावण्या घेतल्या, तेव्हा गावासमोर वाचली जात होती ती रोजंदारीची हजेरीपत्रके, म्हणजे नावांच्या याद्या. त्या वाचल्यामुळेच न राबलेल्यांच्या आणि मेलेल्यांच्या नावावर उचललेली मजुरी उजेडात आली. मुंबईच्या आदर्श सोसायटीतही कळीचा कागद सदस्यांची यादी हाच होता; २०१० मध्ये तिच्यामुळे मुख्यमंत्र्यांना पद सोडावे लागले. भ्रष्टाचाराला बहुतेक वेळा नाव असते, आणि नाव ही व्यक्तिगत माहिती आहे.

सरकारी सेवेतील मराठी वाचकांना हा प्रश्न फक्त 'त्रासदायक अर्जदारां'चा वाटत असेल, तर तो गैरसमज ठरेल. या कायद्याचा आधार घेणाऱ्यांत खुद्द सरकारी नोकरांची संख्या मोठी आहे. देव दत्त प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये गोपनीय अहवालातील प्रत्येक नोंद संबंधित कर्मचाऱ्याला कळवली पाहिजे असे म्हटले. स्वतःचा शेरा त्यामुळे मिळतो; पण डावलले गेल्याचे सिद्ध करायला दुसऱ्याचा शेराही लागतो. पदोन्नती समितीचे इतिवृत्त, ज्येष्ठता यादीचा आधार, बदल्यांची कारणे या सगळ्यांत दुसऱ्याचे नाव असतेच. उद्या हाच अवर सचिव अर्जदार म्हणून रांगेत उभा राहील, तेव्हा त्याच्याच खात्याचे उत्तर एका ओळीचे असेल.

मग अर्ज करणाऱ्याच्या हाती काय उरले? बरेच काही उरले आहे, पण ते नेमके मागावे लागेल. दहा रुपये शुल्क, तीस दिवसांची मुदत आणि कारण न सांगण्याची मुभा कायम आहे. कलम १० प्रमाणे वगळण्याजोगा भाग झाकून उरलेला कागद द्यावा लागतो. त्यामुळे 'संपूर्ण नस्ती व्यक्तिगत' हे उत्तर अपिलात टिकू नये. कलम ४(१)(ख) ला हात लागलेला नाही. अधिकाऱ्यांचे मासिक वेतन, अनुदान योजनांचे लाभार्थी, सवलती आणि परवाने मिळालेल्यांचा तपशील कार्यालयाने आपणहून प्रसिद्ध करायचा आहे. जे आपणहून छापायचे तेच मागितल्यावर लपवता येते का, हा वाद आयोगांपुढे आणि न्यायालयांपुढे जोरात मांडला गेला पाहिजे. कागदाची प्रत मागण्याऐवजी नस्तीची पाहणी मागणे पुष्कळदा अधिक फलदायी ठरते. केंद्राच्या नियमांत पाहणीचा पहिला तास विनामूल्य आहे. शब्दमर्यादाही ध्यानात ठेवावी: केंद्रात ५००, महाराष्ट्रात १५० आणि तिथे एका अर्जात एकच विषय. भाषेची एक गंमत दिल्लीकर मराठी माणसाने लक्षात घ्यावी. कायद्याप्रमाणे अर्ज हिंदीत, इंग्रजीत किंवा जिथे तो केला जातो त्या भागाच्या राजभाषेत करता येतो. म्हणजे केंद्रीय कार्यालयाकडे पुण्यातून मराठीत अर्ज चालतो, करोल बागेतून चालत नाही.

खासदारांचा प्रश्न विचारण्याचा अधिकार शाबूत आहे. लाभार्थ्यांची तीच यादी किंवा चौकशीचा तोच अहवाल एखाद्या सदस्याने मागितला तर मंत्रालयाला सभागृहात उत्तर द्यावेच लागेल. पूर्वी नागरिक त्या परंतुकाकडे बोट दाखवू शकत होता. आता त्याला आपला प्रश्न मांडायला तयार असलेला खासदार शोधावा लागेल. लातूरहून फरिदाबादच्या कारखान्यात आलेल्या कामगाराचे नाव अजून गावाकडच्या मतदारयादीत असेल, तर त्याचा खासदार अधिवेशनाच्या काळात दिल्लीतच असतो. त्याच्या बंगल्याच्या फाटकावर नाव नोंदवून आत जाता येते का, एवढेच मग पाहायचे.