वजनदार स्वार आणि सायकलचे चाक

रेसच्या सायकलच्या मागच्या चाकाची तार तुटली आणि स्वाराचे वजन ९५ किलोच्या आसपास असले, की त्याला बहुधा एकच सल्ला मिळतो : चाकेच बदला, हलकी घ्या. सल्ला खर्चाचा आहे. तो मानण्याआधी तार तुटते कशाने, ते पाहू.

कोणाला तरी सायकल सरळ धरायला सांगा. मागच्या चाकाच्या एका बाजूच्या तारा बोटाने छेडा. सूर साधारण सारखा येईल. आता एकाला सीटवर बसवा आणि पुन्हा छेडा. जमिनीजवळच्या तीन-चार तारांचा सूर उतरतो, वरच्या तारांत मात्र फरक जवळजवळ जाणवत नाही. हब वरच्या तारांना टांगलेले असते, असे आपण समजत असतो. मग हे कसे? इथे वर्गात वाद होऊ द्यावा.

दोन मिलिमीटर जाडीची तार काठीसारखा भार पेलू शकत नाही, ती वाकेल. पण चाक बांधतानाच प्रत्येक तार सुमारे १०० किलोच्या भाराइतकी ताणलेली असते. त्या ताणाने ३० सेंटिमीटरची तार जेमतेम अर्धा मिलिमीटर लांबते. स्वार बसला की खालच्या तारांतला हा ताण कमी होतो, आणि हबला आधार मिळतो तो या घटीतूनच. जॉब्स्ट ब्रँट यांनी १९८१ च्या ‘द बायसिकल व्हील’ या पुस्तकात हे सविस्तर मांडले आहे.

चाकाच्या दर फेऱ्याला प्रत्येक तारेचा ताण एकदा उतरतो आणि चढतो. घेर २.१ मीटर धरला तर १००० किलोमीटरमध्ये हे पावणेपाच लाख वेळा घडते. धातू थकतो आणि तार बहुधा हबजवळच्या वाकात तुटते. स्वार जड, तर चढउतार मोठा. तारा कमी, तर प्रत्येकीच्या वाट्याला तो आणखी मोठा. आपल्या जुन्या काळ्या सायकलींना पुढे ३२ आणि मागे ४० तारा असत, ते उगाच नव्हे. रेसच्या हलक्या चाकांत पुष्कळदा पुढे २० आणि मागे २४ असतात.

हलकेपणाने मिळते किती? स्वार व सायकल मिळून १०५ किलो. दोन्ही रिम मिळून ४०० ग्रॅम वाचले समजा. वेग घेताना कडेचे वस्तुमान पुढे जाते आणि फिरतेही, म्हणून ते फार तर दुप्पट धरावे, म्हणजे ८०० ग्रॅम. पाऊण टक्का! चढावर तर ४०० ग्रॅमच. एवढ्यासाठी वजनदार स्वाराने तारा कमी कराव्यात, हे मला पटत नाही.

एकच तार तुटली असेल तर ती बदलून आउट काढावा आणि सगळ्या तारांचा ताण सारखा करून घ्यावा. एकीमागून एक तुटू लागल्या, तर बाकीच्याही थकल्या आहेत असे समजावे. हब आणि रिम चांगले असल्यास नव्या तारांनी चाक बांधून घेणे पुरते. रिमला निपलजवळ चिरा गेल्या असतील किंवा ब्रेकने कडा झिजून खोलगट झाल्या असतील, तरच नवे चाक. तेही मागे निदान ३२ तारांचे, आणि मधे बारीक केलेल्या तारांचे.

बारीक तार कमजोर वाटते. पण तेवढ्याच ताणाला ती जास्त लांबते, म्हणून रिम तेवढीच दबली तरी तिचा ताण कमी उतरतो. सुतळी आणि रबरबँड सारख्याच जोराने ताणा, मग दोन्हींची टोके एकेक सेंटिमीटर सैल सोडा. सुतळी लोंबेल, रबरबँड ताठच राहील.